बॅरिस्टर महंमदअली जीना

इतिहासाच्या अभ्यासकाने जर-तरच्या भानगडीत पडू नये, असा गुरुजनांचा उपदेश असतो, आणि सर्वसाधारणपणे तो योग्यच आहे. तथापि काही चरित्रे अशी असतात की, ती लिहू लागताच हा जर लेखणीच्या टोकाशी येऊन उभा राहतो. महंमदअली जीना यांचे चरित्र त्यांपैकी एक होय. ज्या पुरुषाने धर्माच्या आधारावर एक देश मागून घेतला, त्यानेच तो देश हाती येण्याच्या तीन दिवस आधी घटनासमितीपुढे उभे राहून असे प्रतिपादन केले की, या देशात कोणत्याही नागरिकाच्या धर्माशी सरकारास काही कर्तव्य असणार नाही. ते प्रतिपादन खरे होते तर बहुसंख्य मुसलमान वस्तीचे एक निधर्मी लोकसत्ताक राज्य आपल्या शेजारी नांदले असते. ते का नांदले नाही, हे समजण्यास त्या एका भाषणाकडे पाहून भागत नाही. त्यामागच्या, मुंबईत गेलेल्या पन्नास वर्षांकडे पाहावे लागते.

आपल्याकडे जीनांचे नाव बहुधा रागानेच घेतले जाते. त्या रागास सबळ कारणे आहेत, आणि ती पुढे यथास्थित येतीलच. परंतु विद्यार्थिमित्रहो, चरित्र हे न्यायालयातील कैफियतीसारखे आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देणारा न्यायाधीश कोणासही नको असतो.

जीनांचे घराणे मूळचे काठेवाडातील गोंडळ संस्थानच्या पानेली गावचे. जमात खोजा, मातृभाषा गुजराती. वडील जीनाभाई पुंजा व्यापारानिमित्त कराचीस येऊन राहिले होते. तेथे २५ डिसेंबर १८७६ रोजी महंमदअलींचा जन्म झाला असे मानतात. शाळेच्या दप्तरात मात्र २० ऑक्टोबर १८७५ ही तारीख नोंदलेली होती. आरंभीचे शिक्षण कराचीच्या सिंध मदरशात आणि काही काळ तेथील मिशन हायस्कुलात झाले. वडिलांच्या ओळखीच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने हा मुलगा विलायतेस पाठवावा, तेथे पेढीवर उमेदवारी करून व्यापार शिकेल, असे सुचविले. परक्या मुलखात मुलाने भलतेसलते काही करू नये म्हणून, त्या काळच्या रीतीस अनुसरून, जाण्यापूर्वी त्याचे लग्न उरकून घेण्यात आले. ती बालवधू आणि मुलाची माता, दोघीही तो विलायतेत असतानाच निवर्तल्या.

लंडनच्या पेढीवर हिशेबाच्या वह्या भरण्यात या सोळा-सतरा वर्षांच्या तरुणाचे मन रमले नाही. १८९३ साली त्याने लिंकन्स इन या संस्थेत नाव घातले आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतच तो बॅरिस्टर झाला. त्याच सुमारास दादाभाई नौरोजी पार्लमेंटचे सभासद झाले होते, आणि तेथील वादविवाद ऐकण्याचा या तरुणास छंद जडला. शब्दाला शब्दाने आणि कायद्याला कायद्याने उत्तर द्यावयाचे, ही जी पार्लमेंटची रीत, तिचा ठसा त्याच्या मनावर जन्माचा उमटला. नाटकांचाही त्यास मोठा नाद होता, आणि काही दिवस रंगभूमीवर जाण्याचा बेतही त्याने केला होता. वडिलांच्या पत्राने तो मोडला. पुढे मुंबईच्या हायकोर्टात जीनांचे उभे राहणे, थांबणे, एकाच डोळ्यावरचा चष्मा लावणे हे पाहावयास माणसे जात असत, त्याचे मूळ कदाचित येथे असावे.

१८९६ साली ते मुंबईस आले आणि हायकोर्टात त्यांनी सनद नोंदविली. वडिलांचा व्यापार बसला होता, शहरात ओळख नव्हती. पहिली तीन वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. अखेर अॅडव्होकेट जनरलचे काम पाहणारे मॅक्फर्सन यांनी आपल्या कचेरीत बसून वाचन करण्याची त्यांना परवानगी दिली. एका हिंदी वकिलास अशी सवलत मिळणे त्या काळी दुर्मिळच होते. १९०० साली काही महिने ते हंगामी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते. मुदत संपल्यावर दरमहा दीड हजारांची कायम जागा देऊ करण्यात आली, तेव्हा एवढी रक्कम मी एका दिवसात मिळवू इच्छितो, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी ती नाकारली. त्यावेळी ती बढाई वाटली असेल. पुढे ती खरी झाली.

राजकारणात ते शिरले ते राष्ट्रीय सभेच्या दारातून. १९०६ च्या कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष दादाभाईंचे चिटणीस म्हणून ते काम पाहत होते. त्याच डिसेंबरात ढाक्यास मुस्लिम लीगची स्थापना झाली. जीना तिकडे फिरकले नाहीत. मुसलमानांसाठी निराळे मतदारसंघ असावेत ही मागणी राष्ट्रात दुही माजवील, असे त्यांचे त्यावेळचे मत होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी त्यांना विलक्षण आदर वाटे, आणि मुसलमानांतील गोखले व्हावे ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. १९१० साली ते मुंबई इलाख्यातील मुसलमानांच्या जागेवरून वरिष्ठ कायदेकौन्सिलात निवडून गेले. ज्या निराळ्या मतदारसंघास त्यांचा विरोध, त्याच मतदारसंघाने त्यांना पाठविले. या चरित्रातील पहिली विसंगती ही. गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले, त्यास जीनांनी जोरदार पाठिंबा दिला.

त्याच कौन्सिलात १९१२ साली भूपेंद्रनाथ बसूंचे एक बिल आले. भिन्न धर्मांच्या स्त्रीपुरुषांना आपापला धर्म न सोडता लग्न करता यावे, असा त्याचा हेतू होता. हिंदु आणि मुसलमान, दोन्ही बाजूंच्या सनातन्यांनी त्यावर गदारोळ केला. जीना हे मुसलमानांचे प्रतिनिधी. त्यांच्या मतदारांस हे बिल रुचणारे नव्हते, आणि कुराणाच्या आज्ञेशी ते जुळत नाही असा आक्षेप सरकारकडूनच घेण्यात आला. तरीही जीना बिलाच्या बाजूने बोलले. काळानुसार कायदा बदलतो, यापूर्वीही धर्मशास्त्रातील कित्येक नियम इंग्रजी कायद्याने बाजूस सारले आहेत, आणि सुशिक्षित माणसांचा एक वर्ग हे मागत असेल तर त्यांना ते नाकारू नये, असा त्यांचा मुद्दा होता. बिल फेटाळले गेले. १९४७ चे भाषण आकाशातून पडले नव्हते, हे दाखविण्यास पस्तीस वर्षांपूर्वीचा हा प्रसंग पुरेसा आहे.

महाराष्ट्राच्या वाचकास जीनांची खरी ओळख व्हावयास हवी ती लोकमान्य टिळकांच्या खटल्यांतून. जुलै १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला, तेव्हा जामिनाचा अर्ज जीनांनी चालविला. समोर न्यायमूर्ती दावर होते. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी, वकील या नात्याने, टिळकांचा जामीन मिळविला होता. न्यायाधीश झाल्यावर मात्र त्यांनी तो नाकारला. पुढे टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन ते मंडालेस गेले. आठ वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार चाललेला असतानाच सरकारची नोटीस येऊन थडकली. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यावरील व्याख्यानांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, असा पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने हुकूम केला. हायकोर्टात जीना उभे राहिले. नोकरशाहीवर टीका करणे म्हणजे राज्याविषयी अप्रीती उत्पन्न करणे नव्हे. व्याख्यानातील सुटी वाक्ये न घेता सबंध व्याख्यान वाचावे. या दोन मुद्यांवर त्यांनी सारा युक्तिवाद उभारला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हायकोर्टाने मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. गीतेवर भाष्य लिहिणारा चित्पावन ब्राह्मण अशील, आणि नमाजाची फारशी पर्वा नसलेला खोजा बॅरिस्टर त्याचा वकील. आणि दोघांपैकी एकालाही यात काही विशेष आहे असे वाटले नाही.

दुसऱ्याच महिन्यात लखनौस राष्ट्रीय सभा आणि मुस्लिम लीग यांचा प्रसिद्ध करार झाला. १९१३ पासून जीना दोन्ही संस्थांचे सभासद होते, आणि हा करार घडवून आणण्यात त्यांचा व टिळकांचा वाटा फार मोठा होता. राष्ट्रीय सभेने निराळे मतदारसंघ मान्य केले. त्याच्या मोबदल्यात स्वराज्याची मागणी दोघांनी मिळून करावयाची ठरली. जीनांना हिंदु-मुसलमान ऐक्याचा दूत म्हणू लागले ते याच काळात. मुंबईने तर त्यांना डोक्यावर घेतले. ११ डिसेंबर १९१८ रोजी टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या सन्मानाची सभा भरावयाची होती. ती जीनांनी आपल्या पत्नीसह व शेकडो अनुयायांसह जाऊन होऊ दिली नाही, आणि पोलिसांचे धक्केबुक्केही खाल्ले. त्याच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी एकेक रुपया वर्गणी जमवून एक सभागृह बांधले. लॅमिंग्टन रोडजवळ काँग्रेस हाऊसच्या आवारात ते पीपल्स जीना हॉल या नावाने उभे राहिले.

त्यांच्या पत्नीविषयी थोडे सांगावयास हवे. रतनबाई ऊर्फ रट्टी ही सर दिनशा पेटिट या धनाढ्य पारशी गृहस्थाची कन्या. वयात चोवीस वर्षांचे अंतर. पित्याने कोर्टाकडून मनाईहुकूम आणला. मुलीने अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहिली आणि एप्रिल १९१८ मध्ये घर सोडले. लग्नापूर्वी तिला इस्लामचा स्वीकार करावा लागला. भूपेंद्रनाथ बसूंचे ते बिल १९१२ साली मंजूर झाले असते, तर त्याची आवश्यकता पडली नसती. जुन्या कायद्याप्रमाणे लग्न करावयाचे तर जीनांना आपण मुसलमान नाही असे लिहून द्यावे लागले असते, आणि मग कौन्सिलातील जागा सोडावी लागली असती. ज्या अडचणीविरुद्ध ते इतरांसाठी बोलले, तीच त्यांच्या दाराशी आली आणि तेथे त्यांनी प्रचलित मार्ग पत्करला. हा त्यांचा दोष म्हणावा की व्यवहार, हे वाचकांनीच ठरवावे. परंतु पुढे जे मोठ्या प्रमाणावर घडले, त्याचा हा लहानसा नमुना आहे असे आम्हांस वाटते.

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. टिळक त्याच वर्षी निवर्तले होते. गोखले पाच वर्षांपूर्वीच गेले होते. महात्मा गांधींचा असहकाराचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर होत असता जीना त्याविरुद्ध बोलावयास उभे राहिले. खिलाफतीचा प्रश्न स्वराज्याच्या चळवळीस जोडणे, मौलवींना राजकारणाच्या व्यासपीठावर बसविणे आणि कायद्याची मर्यादा सोडून अशिक्षित जनसमूहास चेतविणे, यांपैकी काहीच त्यांना पसंत नव्हते. सभेने आरडाओरडा करून त्यांना बोलू दिले नाही. ते मंडपाबाहेर पडले आणि राष्ट्रीय सभेतूनही बाहेर पडले. नियतीची थट्टा अशी की, धर्म राजकारणात आणू नका असे त्या दिवशी सांगणारा मनुष्य जीना होता.

यानंतरची दहा वर्षे त्यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात आणि तडजोडीच्या खटपटीत घालविली. सायमन कमिशनवर बहिष्कार घालण्यात ते अग्रभागी होते. सप्टेंबर १९२९ मध्ये भगतसिंग व त्यांचे सहकारी तुरुंगात उपोषण करीत असता, आरोपी गैरहजर असले तरी खटला चालवावा असे बिल सरकारने आणले. त्यावर जीनांनी केलेले भाषण कायद्याच्या विद्यार्थ्याने आजही वाचावे. बालविवाहास बंदी करणाऱ्या सारडा बिलासही, स्वधर्मीयांचा विरोध असता, त्यांनी त्याच महिन्यात पाठिंबा दिला. परंतु १९२८ च्या अखेरीस कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत त्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, आणि पुढील फेब्रुवारीत रट्टीबाई वयाच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी मरण पावल्या. कधीही भावना न दाखविणारा हा मनुष्य माझगावच्या आरामबाग कबरस्तानात हुंदके देऊन रडला. आपल्या वाशी-पनवेलकडून मुंबईस जाणारी गाडी याच माझगावातून जाते. पुढे गोलमेज परिषदेनिमित्त ते लंडनास गेले आणि तेथेच घर घेऊन वकिली करीत राहिले. सोबत मुलगी दीना आणि बहीण फातिमा होत्या. या फातिमाबाई वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. दंतवैद्यकाची पदवी घेऊन १९२३ साली त्यांनी मुंबईत दवाखाना काढला होता. लंडनच्या या मुक्कामात, १९३२ साली, जीनांच्या हाती तुर्कस्तानच्या केमाल पाशाचे चरित्र पडले आणि कित्येक दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकाराने दिली आहे.

१९३४ नंतर ते परत आले, ते लीगचे पुढारी म्हणून. १९३७ च्या निवडणुकांत लीगला मुसलमानांच्या जागांपैकी चौथा हिस्साही मिळाला नाही. संयुक्त प्रांतात लीगला मंत्रिमंडळात वाटा देण्याचे बोलणे फिसकटले. येथून जीना बदलले. सामान्य मुसलमानास जागे करावयाचे तर घटनेची कलमे उपयोगी पडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ज्या साधनाचा गांधींनी उपयोग केला म्हणून ते नागपुराहून निघून गेले होते, तेच साधन त्यांनी त्याहून कितीतरी निष्ठुरपणे हाती घेतले. २३ मार्च १९४० रोजी लाहोर येथे, हिंदु व मुसलमान ही दोन राष्ट्रे आहेत या भूमिकेवर, स्वतंत्र राज्यांच्या मागणीचा ठराव मांडला गेला व दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी मलबार हिलवरील जीनांच्या बंगल्यावर अठरा-एकोणीस दिवस जात होते. निष्पन्न काही झाले नाही. १९४५-४६ च्या निवडणुकांत पीर, मशायख आणि मौलवी लीगसाठी गावोगाव फिरले, लीगला मत न देणारा मुसलमान नव्हे असे सांगण्यात आले, आणि मध्यवर्ती कायदेमंडळातील मुसलमानांच्या तीसही जागा लीगने जिंकल्या. स्वतः जीनांनी यांतले सारे केले असे नाही. पण थांबविलेही नाही.

१९४६ च्या जूनमध्ये हिंदुस्थान एक ठेवणारी मंत्रिमंडळाची योजना लीगने स्वीकारली होती. जुलैत, मुंबईतच भरलेल्या लीगच्या बैठकीत, तो स्वीकार मागे घेण्यात आला आणि प्रत्यक्ष कृतीचा ठराव झाला. घटनेचे मार्ग आज आम्ही सोडीत आहोत, हे त्या दिवशी जीनांनी स्वतःच सांगितले. १६ ऑगस्टला कलकत्त्यात जे घडले, त्यात हजारो हिंदु व मुसलमान प्राणास मुकले, आणि ती आग तेथून नौखाली, बिहार, पंजाब अशी पसरत गेली. त्यातील जबाबदारीचे मोजमाप इतिहासकार अद्याप करीत आहेत. परंतु आयुष्यभर कायद्याची भाषा बोललेल्या पुरुषाने ती भाषा टाकल्यावर काय होते, हे त्याला कळावयास हवे होते, एवढे आम्ही म्हणू.

आता त्या भाषणाकडे वळू. ७ ऑगस्ट १९४७ रोजी जीना दिल्ली सोडून कराचीस गेले. १० तारखेस पाकिस्तानची घटनासमिती भरली. तिचे हंगामी अध्यक्षस्थान दिले होते जोगेंद्रनाथ मंडल यांना. हे बंगालमधील अस्पृश्य मानलेल्या नामशूद्र समाजाचे पुढारी. याच मंडलांच्या साहाय्याने १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंगालमधून भारताच्या घटनासमितीवर निवडून आले होते. त्या ऑगस्टात दिल्लीस आंबेडकर आणि कराचीस मंडल, असे दोन्ही देशांचे पहिले कायदेमंत्री समाजाने दूर लोटलेल्या वर्गांतून आले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

११ तारखेस जीना अध्यक्ष निवडले गेले व भाषणास उभे राहिले. प्रथम त्यांनी राज्यकर्त्याची कर्तव्ये सांगितली: कायदा व सुव्यवस्था राखणे, लाचलुचपत, काळा बाजार व वशिलेबाजी मोडून काढणे. मग ते मूळ मुद्यावर आले. ज्याला देवळात जावयाचे त्याने देवळात जावे, ज्याला मशिदीत जावयाचे त्याने मशिदीत. कोणाचा धर्म, जात किंवा पंथ कोणता याच्याशी राज्याच्या कारभाराचा संबंध नाही. इंग्लंडात एके काळी कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचा छळ करीत. आज तेथे सारे केवळ नागरिक आहेत. हाच आदर्श समोर ठेवला तर कालांतराने, श्रद्धेच्या नव्हे तर राजकारणाच्या अर्थाने, येथे हिंदु हिंदु राहणार नाहीत व मुसलमान मुसलमान राहणार नाहीत. थोडक्यात, गेली सात वर्षे ज्या दोन राष्ट्रांच्या सिद्धांतावर मागणी केली, तो सिद्धांत आता बाजूस ठेवावा, असेच हे सांगणे होते. समोर बसलेल्यांतील अनेकांस ते रुचले नसावे. भाषणातील हा भाग वृत्तपत्रांत येऊ नये अशी खटपट अधिकाऱ्यांनी त्याच रात्री केली, आणि जीनांपर्यंत प्रकरण नेण्याची धमकी एका संपादकाने दिल्यावर ती सोडून दिली, अशी नोंद तेथील वृत्तपत्रांच्या इतिहासात आहे.

ही एक बाजू झाली. ते केवळ बोलले असेही नाही. मंत्रिमंडळात मंडल होते, आणि परराष्ट्रमंत्री नेमले ते अहमदिया पंथाचे जफरुल्लाखान. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जानेवारी १९४८ मध्ये कराचीच्या वकिलांपुढे बोलताना, पाकिस्तानची घटना शरियतवर आधारलेली नसेल असे म्हणणाऱ्यांना त्यांनी खोडसाळ ठरविले. पुढील महिन्यात अमेरिकन श्रोत्यांसाठी बोलताना, येथे धर्मगुरूंचे राज्य असणार नाही असे सांगितले. आता लोकसत्तेचे पाहू. गव्हर्नर जनरल, घटनासमितीचे अध्यक्ष आणि लीगचे सर्वश्रेष्ठ पुढारी, असे तीन अधिकार एकाच व्यक्तीकडे होते. सरहद्द प्रांतातील डॉ. खानसाहेबांचे बहुमतातील मंत्रिमंडळ स्वातंत्र्यानंतर आठवड्याभरात बरखास्त झाले. मार्च १९४८ मध्ये ढाक्यास जाऊन, राज्यभाषा एकटी उर्दूच राहील, असे त्यांनी बंगाली श्रोत्यांस बजावले. आणि पाकिस्तानच्या प्रजेत बंगाली बोलणारेच अधिक होते. सर्वांना समान नागरिक मानावे असे सांगणे सोपे आहे. आपल्याविरुद्ध मत देणाऱ्या नागरिकास मानणे अवघड आहे.

इतर देशांत काय झाले, तेही येथे पाहण्यासारखे आहे. केमाल पाशाने १९२४ साली खिलाफतच रद्द केली, १९२८ साली इस्लाम हा राज्याचा धर्म असल्याचे कलम घटनेतून काढले, आणि १९३७ साली निधर्मीपणाचे तत्त्व तिच्यात लिहिले. मात्र त्याच्या हयातीत तेथे एकाच पक्षाचा अंमल होता, आणि मतपेटीने सरकार बदलले ते १९५० साली, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. इंडोनेशियात, १८ ऑगस्ट १९४५ रोजी, मुसलमानांवर शरियतचे बंधन घालणारे शब्द घटनेच्या प्रस्तावनेतून ऐन वेळी वगळण्यात आले, कारण पूर्वेकडील बेटांतले ख्रिस्ती लोक राज्यात राहू इच्छीनात. दोन्ही ठिकाणी गोष्ट कागदावर आली, कलम म्हणून आली. कराचीत ती भाषण म्हणूनच राहिली. पंडित वकील असूनही जीनांनी आपले सर्वांत महत्त्वाचे म्हणणे कायद्यात लिहिले नाही, हे मोठे आश्चर्य होय. वेळ नव्हता, हे खरे: निर्वासितांचे लोंढे, काश्मीर, रिकामा खजिना, आणि छातीत क्षय. भारताच्या घटनेसही जवळजवळ तीन वर्षे लागली. जीनांपाशी तेरा महिने होते.

११ सप्टेंबर १९४८ रोजी बलुचिस्तानातील क्वेट्टाहून त्यांना विमानाने कराचीस आणले. विमानतळावरून शहरात नेताना रुग्णवाहिका वाटेत बंद पडली आणि दुसरी येईपर्यंत राष्ट्राचा संस्थापक उन्हात रस्त्याच्या कडेस पडून राहिला. त्याच रात्री त्यांचा अंत झाला.

सहा महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, घटनासमितीपुढे उद्दिष्टांचा ठराव आला. सार्वभौम सत्ता परमेश्वराची आहे, आणि मुसलमानांचे जीवन इस्लामच्या शिकवणीनुसार घडविण्यास राज्य साहाय्य करील, असा त्याचा आशय. पूर्व बंगालमधील हिंदु सभासदांनी दुरुस्त्या सुचविल्या. एकही मान्य झाली नाही. त्यांतील एका सभासदाने असे उद्गार काढले की, जीना हयात असते तर हा ठराव या रूपात पुढे आलाच नसता. तेव्हा ज्या जरने हा लेख सुरू झाला, तो आमचा नव्हे. तो प्रथम कराचीच्या घटनासमितीतच उच्चारला गेला, आणि तोही एका हिंदूकडून. त्याचे म्हणणे खरे होते काय? आमच्या मते अर्धेच. जीना जगते तर तो ठराव कदाचित रोखला गेला असता. परंतु पीर व मौलवींच्या साहाय्याने मिळविलेल्या मतांची परतफेड त्यांना किंवा त्यांच्या मागून येणाऱ्याला कधीतरी करावीच लागली असती.

पुढचे थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडल यांनी राजीनामा दिला व ते कलकत्त्यास परत आले. १९५६ साली पाकिस्तान इस्लामी प्रजासत्ताक झाले. १९५८ साली लष्करी कायदा आला. १९६५ च्या जानेवारीत, वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या त्या फातिमाबाई, वयाच्या सत्तरीत, लष्करशहा अयुबखानांविरुद्ध अध्यक्षपदास उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. सर्व प्रौढांच्या मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती डिसेंबर १९७० मध्ये. तिचा निकाल मानला गेला नाही आणि देश दुभंगला. ज्या ढाक्यास उर्दूची सक्ती सांगितली, तेथेच १९७२ साली बांगलादेशाची घटना झाली आणि तिच्यात धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व आले. पुढे तेही काढले गेले, इस्लाम राज्यधर्म झाला, आणि २०११ साली ते तत्त्व राज्यधर्माच्या शेजारी पुन्हा लिहिले गेले.

मलबार हिलवरील बंगला जीनांनी १९३६ साली क्लॉड बॅटली या वास्तुविशारदाकडून बांधून घेतला होता. फाळणीनंतर निर्वासितांची मालमत्ता म्हणून तो ताब्यात घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा कराचीतील भारताचे हायकमिशनर श्रीप्रकाश यांच्यामार्फत जीनांनी पंडित नेहरूंस विनंती केली की, ते घर आपल्याला अत्यंत प्रिय आहे, आणि तेथे पुन्हा जाऊन राहण्याची आपली आशा आहे. कन्या दीना पाकिस्तानात राहावयास गेलीच नाही. मे १९३९ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी पन्नास हजार रुपये मुंबई विद्यापीठास आणि पंचवीस हजार मुंबईच्या अंजुमन-इ-इस्लाम शाळेस ठेवले होते. फाळणी झाली, ते परक्या देशाचे गव्हर्नर जनरल झाले. मृत्युपत्रातील ती कलमे मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाहीत.